घटनेत नसलेलं पद आणि नागपूरचा देवगिरी बंगला

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांची रंगरंगोटी सुरू होते आणि नागपूरकरांना सगळे पत्ते परत पाठ होतात. रामगिरी म्हणजे मुख्यमंत्री, देवगिरी म्हणजे उपमुख्यमंत्री, रविभवनाची कॉटेजेस म्हणजे मंत्री आणि नागभवन म्हणजे राज्यमंत्री. आता गंमत बघा, यातल्या देवगिरीत जो माणूस मुक्कामाला येतो त्याच्या पदाचं नाव राज्यघटनेत कुठेच नाहीये. बंगला आहे, पोलिसांचा ताफा आहे, दारावर पाटी आहे, टेकडी रोडवर मोर्चा अडवला तर शिष्टमंडळ घेऊन भेटायला लोक तिथेच जातात, पण घटनेची सगळी कलमं चाळली तरी उपमुख्यमंत्री हा शब्द काही सापडत नाही.

बरेच जण विचारतात की मग हे पद आलं कुठून आणि त्याला खरंच पॉवर असते का? टीव्हीवरच्या चर्चेत याचं उत्तर कधी नीट मिळत नाही कारण तिथे नावांवरच भांडण सुरू असतं. म्हणून जरा सुरुवातीपासून सांगतो, थोडं लांबेल, पण एकदा समजलं की पुढच्या वेळी शपथविधी बघताना कोण खुश आहे आणि कोण नुसतं हसतंय ते आपोआप कळेल.

घटनेचं कलम १६४ काय म्हणतं, तर मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि बाकीचे मंत्री मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने नेमले जातात. बस. म्हणजे पदं दोनच झाली, मुख्यमंत्री आणि मंत्री. उपमुख्यमंत्री हा कायद्याच्या नजरेत साधा मंत्रीच, त्याच्या नावापुढे एक मानाचं बिरुद लावलेलं आहे इतकंच. यावर कोर्टातही जाऊन झालंय. १९८९ मध्ये देवीलाल यांनी दिल्लीत शपथ घेताना राष्ट्रपती वेंकटरामन यांनी मंत्री असं वाचलं तरी स्वतः उपपंतप्रधान असंच म्हटलं, मग कोणीतरी सुप्रीम कोर्टात गेलं, आणि कोर्टाने १९९० मध्ये सांगितलं की ते फक्त वर्णन आहे, माणूस मंत्रीच आहे, त्याला पंतप्रधानाचा कुठलाही अधिकार मिळत नाही, त्यामुळे शपथ काही बाद होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यांमधल्या उपमुख्यमंत्र्यांविरुद्ध एक जनहित याचिका गेली तेव्हाही सुप्रीम कोर्टाने तेच म्हटलं आणि याचिका फेटाळली. आंध्रात जगनमोहन रेड्डींनी २०१९ मध्ये एकदम ५ उपमुख्यमंत्री केले होते ते यामुळेच जमलं, कारण ज्या पदाला कायद्यात जागाच नाही त्याची संख्या कायदा मोजणार कशी? मोजतो तो फक्त एकूण मंत्र्यांची. ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत, आपल्या २८८ आमदारांच्या हिशोबाने मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३.

इथे एक मोठा गैरसमज दूर करून टाकू. मुख्यमंत्री परदेशात गेले किंवा आजारी पडले तर उपमुख्यमंत्री आपोआप खुर्चीवर बसतात असं पुष्कळांना वाटतं, तसं काही नसतं, मुख्यमंत्री ज्याला जेवढं काम सोपवतील तेवढंच. आणि मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला तर अख्खं मंत्रिमंडळच जातं, त्यात उपमुख्यमंत्रीही घरी. अमेरिकेत वेगळं आहे. तिथे बहुतेक राज्यांत लेफ्टनंट गव्हर्नर नावाचा माणूस असतो, तो लोकांनी मतं देऊन निवडलेला असतो, काही राज्यांत तर गव्हर्नर एका पक्षाचा आणि हा दुसऱ्या पक्षाचा असंही होतं, आणि गव्हर्नरची खुर्ची रिकामी झाली की ती याला मिळते. कॅल्व्हिन कूलिज मॅसॅच्युसेट्सचे आधी लेफ्टनंट गव्हर्नर, मग गव्हर्नर आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. तिथे हे पद म्हणजे वर जायचा जिना होऊ शकतो. महाराष्ट्रात तो जिना नाहीये, आणि हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही, यादीच काढून बघा.

१९७८ ते २०२४ या काळात महाराष्ट्रात जे जे उपमुख्यमंत्री झाले त्यात नाशिकराव तिरपुडे, सुंदरराव सोळंके, रामराव आदिक, गोपीनाथ मुंडे, छगन भुजबळ, विजयसिंह मोहिते पाटील, आर. आर. पाटील, अजित पवार, देवेंद्र फडणवीस आणि एकनाथ शिंदे आहेत. यातला एकही जण उपमुख्यमंत्री होऊन मग पहिल्यांदा मुख्यमंत्री झाला असं घडलेलं नाही. फडणवीस झाले, पण ते आधीच मुख्यमंत्री राहून आलेले. शिंदे तर उलट्या दिशेने आले. अजित पवारांनी या पदाची ६ वेळा शपथ घेतली, ६ वेळा! पृथ्वीराज चव्हाण, फडणवीस, उद्धव ठाकरे, शिंदे असे मुख्यमंत्री बदलत गेले, पण त्यांची स्वतःची खुर्ची काही वर सरकली नाही. असं का होतं ते कळायला पहिल्या उपमुख्यमंत्र्याकडे जावं लागतं, आणि तो आपल्याच भागातला.

नाशिकराव तिरपुडे भंडाऱ्याकडचे. नागपूरकरांना हे नाव बहुतेक करून सदरकडच्या तिरपुडे कॉलेजमुळे माहीत असतं, ते गृहस्थ राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री होते हे सांगितलं की नवीन पोरं चाट पडतात. झालं असं की आणीबाणीनंतर काँग्रेस फुटली आणि १९७८ च्या विधानसभेत जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. बहुमत कोणालाच नाही. मग जनता पक्षाला बाहेर ठेवायला एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन काँग्रेस एकत्र आल्या, ६९ वाल्यांचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि ६२ वाल्यांचं समाधान करायला एक नवीन पद तयार झालं. म्हणजे जन्मच तडजोडीतून झाला. तिरपुडे तोंडाने फटकळ, त्यात इंदिरानिष्ठ, ते सरकारात बसून यशवंतराव चव्हाणांच्या माणसांवर उघड बोलायचे, आणि ती धुसफुस वाढत वाढत जुलैमध्ये शरद पवार जवळपास ४० आमदार घेऊन बाहेर पडले, सरकार पडलं. चार-साडेचार महिन्यांत खेळ खल्लास. पवार ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले आणि त्यांनीही पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आपल्या आघाडीच्या सरकारात सुंदरराव सोळंकेंना उपमुख्यमंत्री केलं.

आता माझं मत सांगतो. तिरपुड्यांच्या नावावर इतिहासात सरकार पाडणारा माणूस असा शिक्का बसलाय तो अर्धाच खरा आहे. त्यांना जे पद दिलं होतं त्याचं कामच मुळात दोन पक्षांच्या भांडणात आपल्या पक्षाचा माणूस म्हणून उभं राहायचं होतं आणि ते त्यांनी जरा जास्तच मनापासून केलं. मुख्यमंत्र्यांच्या केबिनमध्ये आपला एक माणूस बसवायचा, त्याला मान द्यायचा, आणि त्याने आपल्या गटाची राखण करायची. पुढची सगळी वर्षं हे पद याच कामाला आलंय, माणसं बदलली, पद्धत तीच.

१९९५ ला युती आली, शिवसेनेचे मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि भाजपचे गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री, जोडीला गृहखातं. गृहखातं महत्त्वाचं, कारण उपमुख्यमंत्र्याची खरी ताकद त्याच्या खात्यात असते. पाटीवर उपमुख्यमंत्री लिहिलं म्हणून एकही अधिकारी जास्तीचा सलाम ठोकत नाही, पण गृह असलं की पोलीस आले आणि अर्थ असलं की प्रत्येक आमदाराचा निधी आला, मग सगळेच दारात. म्हणून सरकार बनताना भांडण पदावर कमी आणि खात्यांवर जास्त होतं, वर्तमानपत्रात रोज खातेवाटप रखडलं असं छापून येतं ते त्यामुळे.

१९९९ पासून काँग्रेस-राष्ट्रवादीचं राज्य आलं आणि हा फॉर्म्युला पक्का झाला. २००४ चं उदाहरण तर शिकवण्यासारखं आहे. राष्ट्रवादीच्या ७१ जागा आल्या, काँग्रेसच्या ६९, म्हणजे हक्काने मुख्यमंत्रीपद राष्ट्रवादीचं, पण त्यांनी ते काँग्रेसला सोडलं आणि बदल्यात उपमुख्यमंत्रीपद ठेवून जास्तीची मंत्रिपदं घेतली. विलासराव देशमुख मुख्यमंत्री, आर. आर. पाटील उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. अजित पवारांनी पुढे कितीतरी वर्षं जाहीरपणे बोलून दाखवलं की तेव्हा मुख्यमंत्रीपद सोडायला नको होतं. शरद पवारांनी तेव्हा काय हिशोब केला यावर लोक अजून वाद घालतात, मला विचाराल तर खाती हातात असलेला पक्ष पाच वर्षं जिल्ह्याजिल्ह्यात कामं करतो आणि मुख्यमंत्र्याच्या वाट्याला शिव्या येतात, तो सौदा तसा वाईट नव्हता. फक्त तो पक्षासाठी चांगला होता, त्या खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी नाही.

कारण हे पद जितकं पटकन मिळतं तितकंच पटकन जातं. भुजबळांना डिसेंबर २००३ मध्ये राजीनामा द्यावा लागला, कार्यकर्त्यांनी एका टीव्ही चॅनेलच्या ऑफिसवर हल्ला केला त्यानंतर. आर. आर. आबा २६/११ नंतर एक वाक्य बोलून गेले, मोठ्या शहरात अशा छोट्या गोष्टी होतात अशा अर्थाचं, आणि डिसेंबर २००८ मध्ये ते गेले. त्यांच्या जागी कोण आलं तर परत भुजबळ! अजित पवारांनी सप्टेंबर २०१२ मध्ये सिंचनाच्या आरोपांवरून राजीनामा दिला, त्या आरोपांचा मोठा भाग आपल्या विदर्भ पाटबंधारे महामंडळाच्या कामांबद्दल होता, आणि श्वेतपत्रिका निघाल्यावर डिसेंबरात ते परत त्याच खुर्चीत बसले. पुढे २०१९ च्या डिसेंबरात एसीबीने, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठासमोर त्यांच्यावर जबाबदारी येत नसल्याचं सांगितलं. म्हणजे बघा, उपमुख्यमंत्री गेला तर सरकार पडत नाही, म्हणून वादळ आलं की पहिला राजीनामा त्याचा मागितला जातो, आणि वादळ शमलं की त्याला परत आणलं जातं कारण त्याच्यामागचे आमदार कुठे गेलेले नसतात.

उलटी केसही आहे. २०१४ मध्ये शिवसेनेचे ६३ आमदार होते, डिसेंबरात सेना सरकारात गेली, पण भाजपने उपमुख्यमंत्रीपद दिलंच नाही. भाजपकडे १२२ होते आणि राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ केलेला होता, म्हणजे सेनेशिवायही गाडी चालली असती. गरज नाही तर पद नाही, इतका रोखठोक व्यवहार आहे हा. त्या पाच वर्षांत नागपूरच्या अधिवेशनाला उपमुख्यमंत्री नावाचा माणूसच नव्हता.

आणि मग येतं ३० जून २०२२. फडणवीसांचं करिअर आपण नागपूरकर जवळून बघत आलोय. वडील गंगाधरराव विधान परिषदेचे आमदार होते, काकू शोभाताई फडणवीस मंत्री होत्या. देवेंद्र १९९२ मध्ये वयाच्या २२ व्या वर्षी रामनगरकडून नगरसेवक, १९९७ मध्ये २७ व्या वर्षी महापौर, १९९९ मध्ये पश्चिम नागपूरमधून आमदार, २००९ पासून दक्षिण-पश्चिममधून, २०१३ मध्ये प्रदेशाध्यक्ष आणि ३१ ऑक्टोबर २०१४ ला थेट मुख्यमंत्री. या यादीत एक गोष्ट नाही ती पाहिली का? मंत्रिपद. मुख्यमंत्री व्हायच्या आधी ते कधीच कोणाच्या हाताखाली मंत्री नव्हते. सगळे आधी राज्यमंत्री, मग मंत्री, मग जमलं तर वर असे जातात, हे थेट वर गेले आणि दुसऱ्याच्या मंत्रिमंडळात पहिल्यांदा बसले ते २०२२ मध्ये, एकदा पूर्ण टर्म मुख्यमंत्री राहून झाल्यावर (२०१९ मध्ये पहाटे शपथ घेऊन परत मुख्यमंत्री झाले ते चार दिवस वेगळेच).

त्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतः सांगितलं की एकनाथ शिंदे मुख्यमंत्री होतील आणि मी सरकारबाहेर राहीन. संध्याकाळपर्यंत दिल्लीहून जे. पी. नड्डांनी जाहीर केलं की त्यांनी उपमुख्यमंत्री व्हावं, आणि झाले. नागपुरात तेव्हा काय वातावरण होतं, अर्धे लोक म्हणत होते हा अपमान आहे बाप्पा, अर्धे म्हणत होते थांबा जरा. मुख्यमंत्री राहिलेला माणूस खाली येऊन मंत्री होणं हे महाराष्ट्रात नवीन नव्हतं तसं, शंकरराव चव्हाण, नारायण राणे, अशोक चव्हाण सगळ्यांनी केलंय. पण यांचं गणित वेगळं होतं. शिंदेंकडे शिवसेनेचे ४० आमदार, भाजप २०१९ ला १०५ जिंकून आलेली, म्हणजे छोट्या गटाचा मुख्यमंत्री आणि मोठ्या पक्षाचा उपमुख्यमंत्री. १९७८ पासून जे पद बहुतेक वेळा दोन नंबरच्या पक्षाच्या समाधानासाठी होतं ते यावेळी एक नंबरच्या पक्षाने घेतलं, आणि फरकही २००४ सारखा दोन जागांचा नव्हता, दुपटीहून मोठा होता. खाती बघा काय होती, गृह, अर्थ, जलसंपदा, ऊर्जा, गृहनिर्माण, विधी व न्याय. वर नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, भंडारा, गडचिरोली अशा ६ जिल्ह्यांचं पालकमंत्रीपद. ९ ऑगस्टला विस्तार होईपर्यंत तर अख्ख्या राज्याचं मंत्रिमंडळ म्हणजे हे दोघंच होते! अशा उपमुख्यमंत्र्याला पॉवर आहे का हे विचारायची गरजच उरत नाही.

जुलै २०२३ मध्ये अजित पवार दुसरे उपमुख्यमंत्री म्हणून आले आणि नागपूरच्या प्रशासनापुढे प्रश्न आला की देवगिरी तर एकच आहे, मग अजितदादांची सोय विजयगड बंगल्यात झाली. पण खरा प्रश्न बंगल्याचा नव्हता, फायलीचा होता. फाईल कुठून कुठे जाते यात सगळं राजकारण असतं. घटनेच्या कलम १६६ खाली कामकाजाचे नियम असतात, त्यानुसार खात्याचा मंत्री निर्णय घेतो, महत्त्वाची फाईल मुख्यमंत्र्यांकडे जाते, आणि पैशाचा विषय असला की वाटेत अर्थखात्याचा थांबा लागतो. उपमुख्यमंत्री म्हणून तुम्ही त्या वाटेवर कुठेच नसता. मग काय केलं, तर २०२३ मध्ये ठरलं की अजित पवारांनी बघितलेल्या फायली आधी फडणवीसांकडे आणि मग शिंदेंकडे जातील. २०२५ मध्ये फडणवीस मुख्यमंत्री असताना तसाच आदेश शिंदेंसाठी निघाला, अजित पवारांकडून शिंदे, मग मुख्यमंत्री. एका टेबलावर फाईल थांबवायचा हक्क मिळाला की त्या पदाला वजन आलं. तेही मुख्यमंत्र्यांच्या संमतीने आलेलं, उद्या ते आदेश फिरवू शकतात. शिंदेंनी मंत्रालयात उपमुख्यमंत्री वैद्यकीय मदत कक्ष उघडला तोही त्याच काळात, मुख्यमंत्र्यांचा कक्ष आधीपासून असताना. पेशंटला मदत मिळते ते चांगलंच, पण दारावर आपल्या पदाची पाटी असलेली आणखी एक जागा हवी हा हिशोबही त्यात दिसतो, नाही म्हटलं तरी.

मधे २०२४ च्या लोकसभेत भाजपला राज्यात ४८ पैकी ९ जागा मिळाल्या आणि फडणवीसांनी मला सरकारमधून मोकळं करा अशी पक्षाकडे मागणी केली, ती मान्य झाली नाही. सहा महिन्यांनी विधानसभेत भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. बहुमताला लागतात १४५. म्हणजे भाजपला कमी पडत होते १३, आणि ते ५७ मधूनही भागतात आणि ४१ मधूनही भागतात. दोघांपैकी एकाचीच गरज, आणि दोघंही हातात. शिंदे तेव्हा गावी जाऊन बसले, गृहखात्यासाठी अडून बसल्याच्या बातम्या येत राहिल्या, पण या आकड्यांपुढे अडून बसायला जागाच नव्हती. ५ डिसेंबरला फडणवीस मुख्यमंत्री झाले, शिंदे आणि पवार उपमुख्यमंत्री झाले, गृहखातं मुख्यमंत्र्यांकडेच राहिलं आणि शिंदेंना नगरविकास, गृहनिर्माण मिळालं. एकच माणूस, २०२२ च्या जूनमध्ये मुख्यमंत्री आणि २०२४ च्या डिसेंबरात उपमुख्यमंत्री, आणि या दोन्हीत बदललं काय तर समोरच्याला त्याची लागणारी गरज.

बाकीच्या मंत्र्यांचा शपथविधी १५ डिसेंबरला आपल्या नागपूरच्या राजभवनात झाला, ३९ जणांचा, हे तिघं धरून ४२, म्हणजे मर्यादेत फक्त एक जागा शिल्लक. नागपुरात असा शपथविधी ३३ वर्षांनी होत होता. त्याआधीचा १९९१ च्या डिसेंबरातला, तेव्हा शिवसेना फोडून काँग्रेसमध्ये आलेल्या भुजबळांनी सुधाकरराव नाईकांच्या मंत्रिमंडळात इथेच शपथ घेतली होती. यावेळच्या यादीत दोनदा उपमुख्यमंत्री राहिलेल्या त्याच भुजबळांचं नाव नव्हतं, ते चिडून अधिवेशन सोडून नाशिकला निघून गेले. मे २०२५ मध्ये धनंजय मुंडेंची जागा रिकामी होती म्हणून त्यांना बोलावलं गेलं आणि अन्न व नागरी पुरवठा खातं मिळालं, साधं मंत्रिपद. त्यांनी ते घेतलं.